शाळा चालवायची कोणी?

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्याने कोण उभे राहते? हेडमास्तर. उंच पाठीची खुर्ची, टेबलावर घंटी, भिंतीला वेळापत्रक आणि दाराशी अदबीने उभा असलेला शिपाई. त्या खोलीत जे ठरेल ते शाळेत घडेल, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. शाळा नावारूपाला आली, तर हेडमास्तर खमके. शाळा बिघडली, तर त्यांचा वचक गेला. ही समजूत अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. वचक लागतो. पण आपल्याच महाराष्ट्रात, शंभरावर वर्षांपूर्वी, एक प्रयोग असा झाला की ज्यात या खुर्चीची सत्ता मुद्दाम वाटून टाकली होती. तो प्रयोग करणारी माणसे लहानसहान नव्हती. प्रत्येक जण एकट्याने शाळा चालवू शकला असता, आणि तरीही त्यांनी ती मिळून चालवायची ठरवली. त्यात ती भांडलीही कडाक्याने. त्या प्रयोगाची आणि त्या भांडणाची हकीगत आज सांगायची आहे. कारण शाळा चालवायची कोणी, हा प्रश्न तुमच्या आमच्या गावात अजून मिटलेला नाही.

गोष्ट सुरू होते पुण्यात, १८८० च्या जानेवारी महिन्यात. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत मास्तर होते. १८७९ साली त्यांनी त्या नोकरीला रामराम ठोकला आणि स्वतःची शाळा काढण्याचे मनावर घेतले. त्याच सुमारास बळवंतराव टिळक वकिलीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. टिळक आणि गोपाळराव आगरकर हे डेक्कन कॉलेजातले स्नेही; दोघे एकाच वर्षीचे, १८५६ सालचे. शिक्षण पुरे झाल्यावर सरकारी नोकरीच्या मागे न लागता लोकांच्या शिक्षणाला वाहून घ्यायचे, असे त्यांचे कॉलेजातच ठरले होते. आगरकरांची एम्. ए. ची परीक्षा व्हायची होती, म्हणून ते मागाहून आले. विष्णुशास्त्री, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. थोड्याच दिवसांत संस्कृतचे गाढे पंडित वामन शिवराम आपटे येऊन मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, शाळा काढणारे पुष्कळ झाले, यात नवल ते काय? नवल आहे ते पुढच्या दोन वर्षांत. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू केली. १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री गेले. वय अवघे एकतीस. ज्यांच्या नावावर मुले शाळेत आली तो माणूसच गेला. त्या धक्क्यातून सावरतात न सावरतात तोच कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरील लिखाणाबद्दल टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दोघेही मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात. म्हणजे पाहा, एका वर्षात शाळेच्या पाच खांबांतला एक कायमचा कोसळला आणि दोन एकशे एक दिवस जागेवर नव्हते. एखाद्या मालकाची शाळा असती तर दाराला कुलूप लागले असते. इथे आपटे, नामजोशी आणि त्यांचे सहकारी यांनी ती चालू ठेवली. नुसती चालू नव्हे, त्याच वर्षी शिक्षण-आयोगाचे अध्यक्ष सर विल्यम हंटर पुण्यास आले, त्यांनी ही शाळा पाहिली आणि तिची वाखाणणी केली.

या अनुभवाचा धडा त्या मंडळींनी घेतला. शाळा माणसांवर चालते हे खरे, पण ती एका माणसावर चालता कामा नये. मग तिला घटना हवी, नियम हवेत. यातून २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी, म्हणजे १८८५ च्या जानेवारीत, फर्ग्युसन कॉलेज निघाले. तेव्हा कॉलेजाला स्वतःची इमारत नव्हती. शहरातल्या गद्रे वाड्यात वर्ग भरत. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजाला दिले. संस्थानिकांनी देणग्या दिल्या. हे सारे बाहेरचे वैभव झाले. आत काय ठरले ते अधिक महत्त्वाचे.

ठरले ते असे. संस्थेचा कारभार दोन जागी वाटायचा. बाहेरचे प्रतिष्ठित लोक आणि संस्थेतले लोक मिळून एक नियामक मंडळ. आणि शाळा-कॉलेजात प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांचे दुसरे मंडळ. याला आजीव सभासदांचे मंडळ म्हणत. पुण्यातले लोक सरळ ‘लाइफ मेंबर’ म्हणायचे. जो सभासद होईल त्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करायची. पगार सगळ्यांना सारखा, महिना पंचाहत्तर रुपये. प्रिन्सिपॉल झाला म्हणून जास्त नाही, शाळेच्या खालच्या वर्गाला शिकवतो म्हणून कमी नाही. आणि अंतर्गत कारभाराच्या प्रश्नावर मत द्यायची वेळ आली की प्रत्येकाला एक मत. शाळा कोणाची? शिकवणाऱ्यांची. पण कोणा एकाच्याही मालकीची नाही. सोडून जाताना कोणी आपला वाटा मागू शकत नाही, आणि मुलाला गादीवर बसवू शकत नाही.

पंचाहत्तर रुपये त्या काळी अगदी थोडे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. पण एम्. ए., एल्एल्. बी. झालेल्या माणसाला सरकारी खात्यात किंवा वकिलीत काय मिळू शकत होते त्याच्या मानाने ते काहीच नव्हते. आगरकरांच्या घरची गरिबी सर्वांना ठाऊक. आपला मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील या आशेवर असलेल्या आईला त्यांनी, ती आशा सोड, मी पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी देणार, असे कळवले होते. महाराष्ट्रातल्या शाळांतून ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. सांगायची असते ती त्यागाची गोष्ट म्हणून. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा त्याग ज्याने त्याने आपापल्या घरी केला होता; संस्थेत आल्यावर मात्र कोणाचा त्याग मोठा, हे मोजायचे नव्हते. सर्वांना सारखा पगार आणि सारखे मत. हे मोजणे सुरू झाले की काय होते, ते आता बघू.

१८८६ साली गोपाळ कृष्ण गोखले आजीव सभासद झाले. वय वीस वर्षांचे. टिळक, आगरकर तिशीचे. कीर्ती झालेली, तुरुंग पाहिलेला. आणि हा कोवळा तरुण त्यांच्या शेजारी बसून तेवढ्याच वजनाचे मत देऊ लागला. आपल्याकडे घरात असो की गावात, वडीलधाऱ्यांपुढे धाकट्याने बोलायचे नसते. इथे नियमानेच बोलायचे होते. या गोष्टीचे आज आपल्याला नवल वाटत नाही. पण एखाद्या शाळेच्या शिक्षकसभेत जाऊन बसा. नुकताच लागलेला शिक्षक मुख्याध्यापकांच्या मताविरुद्ध तोंड उघडतो का, ते पाहा. मग १८८६ सालच्या त्या बैठकीची किंमत कळेल.

आणि त्याच बैठकीत वादाला तोंड फुटले. प्रश्न होते पैशाचे आणि वेळेचे. १८८७ साली पगार थोडे वाढवावेत असा विषय निघाला. संसार वाढले होते, दुखणी होती. आगरकरांना दम्याने घेरले होते. संस्थेची स्थिती बरी आहे, तर शिक्षकांच्या पोटाला चार घास जास्त का मिळू नयेत, असे एका बाजूचे म्हणणे. टिळकांचे म्हणणे उलट. जेझुइट पाद्री जसे सर्व काही आपल्या पंथाला देतात तसे आपण द्यायचे ठरवले होते. पोटापुरते घ्यायचे आणि बाकी सारा वेळ, सारी शक्ती, बाहेरची मिळकतसुद्धा संस्थेची. आज पाच रुपये वाढवले तर उद्या दहा वाढतील, आणि जी अट पाहून लोकांनी विश्वासाने देणग्या दिल्या ती अटच उरणार नाही. पगारापाठोपाठ बाहेरच्या कामाचा प्रश्न आला. एखाद्या सभासदाने शाळेबाहेर दुसरे काम घ्यावे की घेऊ नये? ग्रंथ लिहून मिळालेला पैसा त्याचा की संस्थेचा? समोरच्या बाजूने विचारले, मग वर्तमानपत्र चालवणे हे बाहेरचे काम नव्हे काय?

याच वेळी सामाजिक सुधारणेचा वाद पेटला होता. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा, यावर ‘केसरी’च्या कचेरीत दोन तट पडले. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी भागाला गोखल्यांचा हात. म्हणजे सकाळी एकाच शाळेत शिकवायचे, आणि संध्याकाळी एकमेकांच्या मतांचे खंडन छापायचे. तरी शाळेच्या घंटा वेळेवर होत होत्या. गणिताचा तास टिळक घेत, दुसऱ्या वर्गात आगरकर शिकवत. मुलांना भांडण ठाऊक असणार. सगळ्या पुण्याला ठाऊक होते. पण भांडण आहे म्हणून तास चुकला, असे झाले नाही. मला वाटतं, ही त्या माणसांची सगळ्यांत मोठी शिकवण होती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

शेवटी १८९० साल उजाडले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेच्या चिटणीसपदाचे काम पत्करले. टिळकांना हे तत्त्वाला सोडून वाटले. ऑक्टोबरमध्ये विषय बैठकीत आला, बोलाचाली झाली, मते पडली. टिळक अल्पमतात गेले आणि त्यांनी संस्था सोडली. डिसेंबरात त्यांनी राजीनाम्याचे लांबलचक पत्र लिहिले. सुरुवातीला काय ठरले होते, कोठे पाऊल घसरले, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. दहा वर्षे जिवापाड सांभाळलेले हे लेकरू सोडताना आपल्याला काय वाटते, तेही त्यात आहे.

आता इथे दोन तऱ्हेचे लोक दोन तऱ्हेचे निकाल देतात. एक म्हणतात, टिळकांचे बरोबर होते; ध्येय सोडून संस्था सैल झाली. दुसरे म्हणतात, त्यांचा हट्टीपणा नडला. माणसांच्या अडचणी त्यांनी ओळखल्या नाहीत. यात कोण खरा हे ठरवायला मी बसलो नाही. माझे लक्ष दुसरीकडेच आहे. टिळकांसारख्या माणसाने बहुमत मानले. त्यांच्या हातात ‘केसरी’ होता, मागे लोक होते. शाळेतली पोरे फोडून ते शेजारी दुसरी शाळा थाटू शकले असते. त्यांनी ते केले नाही. आणि उरलेल्या मंडळींनी, आता मोठा अडसर गेला म्हणून एखाद्याला सर्वाधिकारी नेमले नाही. मंडळ तसेच राहिले, नियम तसेच राहिले, एकेक मत तसेच राहिले.

त्याची कसोटी पुढल्या पाच-सहा वर्षांत लागली. पहिले प्रिन्सिपॉल आपटे १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी वारले. ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही जगभर वापरतात ते हेच आपटे. त्यांच्या जागी आगरकर आले. तेही १८९५ च्या जूनमध्ये गेले. वय एकोणचाळीसही पुरे नव्हते. नामजोशी १८९६ मध्ये गेले. विष्णुशास्त्री आधीच गेले होते, टिळक सोडून गेले होते. हिशेब करा. शाळा निघाल्यापासून सोळा-सतरा वर्षांत तिची पहिली फळी जवळजवळ नाहीशी झाली. आणि शाळा? ती उभी होती. कॉलेज वाढत होते. पुढे १९०२ मध्ये गोखले निवृत्त झाले आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्रिन्सिपॉल झाले. हे परांजपे याच कॉलेजातून पुढे गेलेले विद्यार्थी. घराची वासा बदलावा आणि छप्पर जागचे हलू नये, तसे हे झाले.

या सामुदायिक कारभाराचे गुणगान इथवर झाले. पण इतिहास सांगायचा तर सगळा सांगावा. १८८२ साली हंटरसाहेबांनी न्यू इंग्लिश स्कूल पाहिले, हे वर आले आहे. त्याच आयोगापुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यातल्याच एका गृहस्थाने निवेदन दिले. ते गृहस्थ म्हणजे जोतीराव फुले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी लोकांचे शेणगोळे झेलले होते. जोतीरावांनी आयोगाला सांगितले, की सरकारचा पैसा येतो रयतेच्या कष्टातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. जोतीराव नुसते, आमच्या मुलांना शाळेत घ्या, असे म्हणत नव्हते. शाळा चालवणाऱ्यांत आमची माणसे असू द्या, असेही म्हणत होते. त्या दृष्टीने पुण्याच्या त्या आजीव सभासदांच्या मंडळाकडे पाहिले, तर काय दिसते? सगळे पुरुष. जवळपास सगळे एकाच जातीतले. गुरुजींना मत होते. पण ज्यांची मुले शाळेच्या उंबऱ्याशी पोचलीच नव्हती, त्यांना मत कुठून असणार? मंडळ आपसांत समतेने वागत होते, हे खरे. त्या समतेचे रिंगण लहान होते, हेही तितकेच खरे. पुढचा इतिहास हे रिंगण मोठे होत जाण्याचा आहे.

ते पहिल्याने मोठे झाले एका विलक्षण योगायोगाने. टिळक गेल्यामुळे फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली. १८९१ साली त्या जागेवर मुंबईहून आले धोंडो केशव कर्वे. तेही आजीव सभासद झाले. दोन वर्षांनी त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० च्या सुमारास तो हिंगण्याला गेला. कर्वे हिंगण्याहून पायी कॉलेजात येत, तास घेत आणि पायी परत जात. वीस वर्षांचा शब्द त्यांनी पाळला. १९१४ पर्यंत कॉलेजात शिकवले.

हिंगण्याला काय निराळे घडले? ज्यांच्यासाठी शाळा, त्याच शाळेच्या कारभारात आल्या. पार्वतीबाई आठवले यांचेच उदाहरण घ्या. ऐन विशीत वैधव्य आले, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. हिंगण्याशी संबंध आल्यावर त्या शिकल्या, शिकवू लागल्या, आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या. मग झोळी घेऊन आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. पुढे तर अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. ज्या बाईला लग्नाच्या मांडवातही उभे राहायची चोरी, ती सभेत उभी राहून संस्थेचा हिशेब सांगू लागली. आश्रमातल्या विधवांना कर्व्यांनी आश्रय दिला, असे आपण म्हणतो. तेवढेच म्हटले तर पार्वतीबाईंवर अन्याय होतो. आश्रम त्यांनीही चालवला.

रिंगण दुसऱ्यांदा मोठे झाले ते सातारा जिल्ह्यात. भाऊराव पाटील कोल्हापूरला शिकत होते. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या मिस् क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला, आणि ते राहत होते तिथले त्यांचे बिऱ्हाड उठले. जोतीरावांच्या सत्यशोधक विचाराचा हा माणूस. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका छपराखाली, एका पंगतीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव दिले गेले.

वसतिगृह चालत कसे होते ते बघा. पाणी मुलांनी भरायचे, धान्य मुलांनी निवडायचे, भाकऱ्या मुलांनी थापायच्या. शेतात राबायचे तेही मुलांनीच. आज मराठ्याचा पोर पाणी भरील तर उद्या महाराचा पोर वाढील. आणि जेवायला दोघे शेजारी बसतील. स्वयंपाकी ठेवायला पैसे नव्हते, हे एक कारण. पण भाऊरावांना पुरते ठाऊक होते, की जो पोरगा पीठ मोजून देतो त्याला संस्थेचा पैसा कुठे जातो ते कळते. आणि ज्याला कळते त्याला बोलता येते. अडचणीच्या वेळी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मुलांच्या तोंडचा घास चुकू नये म्हणून मंगळसूत्रसुद्धा विकायला काढले, ही गोष्ट सातारा भागात घरोघर सांगतात. १९३० मध्ये त्या गेल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. ‘कमवा आणि शिका’ हा तिथला रोजचा शिरस्ता झाला. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की आयुष्य संस्थेला वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांचे मंडळ भाऊरावांनीही केले. पुण्यात आजीव सभासद, साताऱ्यात आजीव सेवक. याच वसतिगृहांतून शिकलेली बहुजनांची मुले पुढे संस्थेत गुरुजी झाली, मुख्याध्यापक झाली, कारभारी झाली. जोतीरावांनी १८८२ साली हंटरसाहेबांकडे जे मागितले होते, ते सरकारने दिले नाही तेव्हा रयतेने आपल्या हातांनी मिळवले.

पुणे, हिंगणे, सातारा. ही तीन ठिकाणे मी एका माळेत ओवली ती उगीच नव्हे. पुण्याने दाखवले, की शाळेचे ओझे वाहणाऱ्यांना शाळेच्या निर्णयात सारखे मत दिले, तर मोठमोठी माणसे गेली तरी शाळा पडत नाही. हिंगण्याने आणि साताऱ्याने दाखवले, की ओझे वाहणारे म्हणजे एकटे मास्तर नव्हेत. शिकणारे, त्यांचे आईबाप, स्वयंपाकघरात राबणारे हातही त्यांत येतात. पहिला धडा दुसऱ्यावाचून अपुरा आहे. आपसांत समतेने वागणारे मंडळ बाहेरच्यांना दार बंद ठेवू शकते. आणि पहिल्यावाचून दुसरा धडाही टिकत नाही. सगळ्यांना बोलावले, पण नियम नाही, मत नाही, हिशेब नाही, तर ती जत्रा होते. शाळा होत नाही.

आज या गोष्टी कायद्यात आल्या आहेत. २००९ साली बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईवडील किंवा पालक असायचे. निम्म्या स्त्रिया असायच्या. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांनाही प्रमाणात जागा. जोतीराव, कर्वे, भाऊराव यांनी ज्यासाठी आयुष्ये वेचली ते आता कलमात लिहिलेले आहे.

पण कलम म्हणजे रिकामी पाटी. तिच्यावर लिहायचे आपल्यालाच. तुमच्या गावच्या शाळेत अशी समिती असेल. तिची शेवटची बैठक कधी झाली? तिथे कोण बोलले? मजुरीला जाणारी एखादी आई त्या बैठकीला आली होती का? तिचा रोज बुडू नये म्हणून बैठक संध्याकाळी ठेवली होती का? की वही तिच्या घरी धाडून, इथे सही कर बाई, एवढंच झालं? नव्या शिक्षकाने काही वेगळे सुचवले तर हेडमास्तरांनी ते कानावर घेतले का? आणि मत हरल्यावर तो शिक्षक दुसऱ्या दिवशी आपला तास मन लावून घेतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, हे मी जाणतो. ते टिळक-आगरकरांनाही सोपे गेले नाही. दोघांची मैत्री त्या वादात होरपळली, ती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. तरी आगरकर गेल्यावर ‘केसरी’त मृत्युलेख लिहायला बसले ते टिळकच. मिळून काम करायचे म्हणजे सारखे गोड बोलायचे, असे जर कोणी तुम्हाला सांगत असेल, तर त्याला १८९० सालच्या त्या बैठकीची हकीगत सांगा. पोटतिडकीने भांडावे, मत मोजावे, निकाल मानावा. आणि सकाळी घंटा झाली की वर्गावर जावे. शाळा चालवायची ती अशी. आणि चालवायची कोणी, तर जिच्यात आपली मुले शिकतात त्या आपण सगळ्यांनी.